सोजरमावशी, मी ऐकलं होतं

सोजरमावशी, तू गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं. गेलेल्या माणसाशी कोणी असं बोलत नाही, पण तुझ्यापासून एक गोष्ट लपवायची बारा वर्षांची सवय मला आता मोडायची आहे, तेव्हा सुरुवात खऱ्यापासून केलेली बरी. कचेरीतला शिपाई सांगत आला, "ती दाखलेवाली म्हातारी गेली हो, सरकारी दवाखान्यात, दम्यानं." माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर, चला, आता विचारणारं कोणी उरलं नाही. मग इकडंतिकडं पाहिलं, हे कोणी ओळखलं तर नाही ना.

माझी भीती तुला नवी नव्हती. तू तर तिच्यामुळेच माझ्या टेबलाशी यायचीस. पुरवठा विभागात आम्ही तिघं कारकून होतो. एकाचा आवाज मोठा, एकाची ओळख मोठी, आणि मी. एकदा मी तुला विचारलं होतं, त्या दोघांना सोडून माझ्याकडेच का येतेस म्हणून. तू हसलीस आणि म्हणालीस, "तुमी भित्रे, म्हून. धीट माणूस कागद नीट वाचत न्हाई. भित्रा माणूस दोनदा वाचतो." मला राग आला होता. घरी जाऊन मी ते मंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं तर तीही पोट धरून हसली.

पण तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी 'ए बाई, बाहेर थांब' असं म्हणालो होतो. ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या, त्याला दोन पावसाळे उलटले होते. तुझं घरही त्यातच गेलं होतं. गावकुसाबाहेर राहणारी तू, पळून आलीस ती तालुक्याच्या गावाबाहेर, गायरानात येऊन पडलीस. रेशनकार्ड जुन्या गावी, मतदारयादीत नाव जुन्या गावी, आणि माणूस इथं. धान्य नाही, साखर नाही, कुठल्या कागदाला पत्ता नाही. तू सव्वा वर्ष चपला झिजवून स्वतःचं कार्ड करून घेतलंस. मग गायरानातल्या दुसऱ्या बाईचं. मग तिसरीचं. पुढं पुढं आसपासच्या चार तालुक्यांतून पळून आलेली माणसं तुझं नाव विचारत यायला लागली.

अक्षर एक येत नव्हतं तुला. पण फॉर्म तू रंगावरून ओळखायचीस, आणि शिक्का ओला आहे की जुना हे वासावरून. माणसांना तू सरळ कचेरीत आणत नसायचीस. गायरानापासून कचेरीपर्यंतच्या वाटेवर प्रत्येकाला आपली हकिकत तीनदा सांगायला लावायचीस. कुणी पेटवलं, काय जळालं, कधी निघालात, वाटेत कुठं थांबलात. तिसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा काही वेगळं निघालं की त्या माणसाला कचेरीच्या फाटकातून माघारी न्यायचीस. "आजून घाबरलेलं हाय. उद्या आणते," एवढंच मला सांगून जायचीस. मला वाटायचं, म्हातारी उगाच वेळ घालवते. पुढं कोर्टात उलटतपासणी ऐकली, तेव्हा कळलं की तू वकिलांचं काम करत होतीस.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. अर्जातला 'हल्लीचा पत्ता' हा रकाना. तू म्हणायचीस, तो रिकामा ठेवा. मी म्हणायचो, पत्त्याशिवाय अर्ज होत नाही. तू म्हणायचीस, "घर कुठं हाय म्हून आता कामून इचारायलेत, बाबू? जळालं तवा तर कुणी इचारलं न्हाई." मी नियम सांगायचो. तू तोंड फिरवून बसायचीस, आणि पाच मिनिटांनी पुन्हा, "मार्फत म्हून लिवता येत न्हाई का कुणाच्या?" मी म्हणायचो, नाही येत. खरं तर येत होतं. मला वाचायचा कंटाळा होता. दोनदा वाचणारा माणूस म्हणून तू माझ्याकडे यायचीस, आणि तो नियम मी एकदाही धड वाचला नव्हता.

मग तू कौसाला घेऊन आलीस.

कौसा तेव्हा बावीस-तेवीसची असेल. मानवतला एका जिनिंगमध्ये कापूस लोटायचं काम करायची, फॅक्टरीच्या मागं एका खोलीत राहायची, आणि शेजारणीलाही खरं नाव सांगितलेलं नव्हतं. दंगलीत तिचं घर पेटवलं तेव्हा तिचा सासरा आत होता, आणि त्याला बाहेर येऊ दिलं नाही. हिनं पळायच्या आधी पोलिसांना तीन नावं सांगितली होती. खटला परभणीच्या कोर्टात पडून होता. समन्स जुन्या गावी जायचं आणि 'सदर इसम गावात राहत नाही' असा शेरा घेऊन परत यायचं. आणखी एकदोनदा असं झालं असतं तर फिर्यादीच सापडत नाही म्हणून प्रकरण मिटलं असतं. तिला नव्या जागेचा कागद हवा होता, म्हणजे समन्स तिच्या हातात पडलं असतं. आणि तोच कागद चुकीच्या हातात पडला असता तर तिचंही सासऱ्यासारखंच झालं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तिनं तीनदा सांगून पाठ झालेली हकिकत चौथ्यांदा मला सांगितली. खाली मान, एकसुरी आवाज. तीन नावं सांगितली. दुसरं नाव ऐकलं आणि माझी लेखणी थांबली. दिगंबर. माझ्या मंदाच्या चुलत्याचा मुलगा. गाव माझी सासुरवाडी. माझे सासरे त्या गावचे पोलीस पाटील. गावाचं नाव इथं लिहीत नाही, मंदाची आई अजून तिथं आहे.

पाणी प्यायलो आणि पुढं लिहीत गेलो.

आणि इथं मी जे केलं त्याला चूक म्हणावं की पाप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अर्ज आला की जुन्या गावच्या तलाठ्याला एक छापील पत्र जायचं: सदर अर्जदाराचं नाव आपल्याकडील यादीतून कमी करून तसा दाखला द्यावा. त्यात अर्जदाराचं नाव, जुना पत्ता, हल्लीचा पत्ता. अशी दहा-बारा पत्रं मी रोज लिहायचो. हात डोक्याला विचारत नाही, असा तो काळ. कौसाचंही पत्र मी लिहिलं. मुक्काम मानवत, अमुक जिनिंगच्या मागे, तिसरी खोली. जावक क्रमांक टाकला आणि टपालात दिलं. इतकं नीटनेटकं अक्षर माझं.

दोन दिवसांनी तू आलीस आणि विचारलंस, "कौसाचा कागद कुठवर आला?" मी म्हणालो, तलाठ्याकडे पत्र गेलंय. तू म्हणालीस, "त्यात काय लिवलंय?" आणि मी सांगता सांगता मधेच थांबलो. तू ओरडली नाहीस. खाली बसलीस, टेबलाच्या पायाला पाठ लावून, आणि पदर तोंडात कोंबलास. तुला असं घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग तू म्हणालीस, "तलाठी त्या गावात कोण्या वारी बसतो?"

ते मला माहीत होतं. तलाठी गुरुवारी यायचा आणि माझ्या सासऱ्यांच्या ओसरीवर बसायचा. आठवड्याचं टपाल तिथंच फोडायचा, चहा पीत, चार माणसांदेखत. त्या चार माणसांत दिगंबर असायचाच. त्या दिवशी मंगळवार होता.

मग मी तुला सांगितलं की ती माझी सासुरवाडी आहे. तू माझ्याकडे कसं पाहिलंस ते मला विसरता येत नाही. मला वाटलं, आता उठून जाईल आणि परत येणार नाही. तू म्हणालीस, "धोंड्याचा महिना चालू हाय. बोलावणं आलं असंल की."

आलं होतं. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, पोशाख करायचा, हे तुझ्या ध्यानात होतं आणि माझ्या नव्हतं. आठ दिवसांपूर्वी सासऱ्यांचं कार्ड आलं होतं आणि रजा नाही म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं. जावई धोंडं जेवायला गेला तर कोण संशय घेतो? मंदा तापानं झोपून होती म्हणून मी एकटा निघालो. गुरुवारी सकाळची एसटी पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेल्या बायकांनी भरली होती. तू मागच्या दारानं चढलीस. मी पुढं बसलो. आपण एकमेकांना ओळखत नव्हतो. तू कशाला येतेस म्हणून मी आदल्या दिवशी तुझ्याशी वाद घातला होता. "तुमी अर्ध्या वाटंतून परत फिराल म्हून," असं तू तोंडावर म्हणालीस. फाट्यावर उतरलो तेव्हा खरंच माझे पाय परतीच्या गाडीकडे वळत होते. तू बाभळीखाली बसलीस, गावाकडं पाठ करून. मी दोन मैल चालत गेलो.

सासऱ्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. सासूबाईंनी ओवाळलं. ओसरीवर तलाठी आधीच येऊन बसला होता, खुंटीला त्याची पिशवी, पिशवीत टपाल. मला ती पिशवी सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. दिगंबर आला, मांडीला मांडी लावून बसला, "काय दाजी, लय दिसानं," म्हणाला. चांगला उमदा माणूस होता गं दिसायला. माझ्या लग्नात वरातीपुढं नाचला होता.

तलाठ्यानं पिशवी काढली तसा मी घसा खाकरला आणि खोटं बोललो. "रावसाहेब, आमच्या कचेरीचं एक पत्र साहेबांच्या सहीवाचून गेलंय. तसंच नोंदलंत तर दोघांनाही जाब विचारतील. परत द्या, सही करून धाडतो." कारकुनाला कारकुनाची भीती बरोबर कळते. त्यानं घाईघाईनं पाकीट काढून पुढं केलं. ते माझ्या हातात यायच्या आधी दिगंबरनं मधेच घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. पाकीट चिकटवलेलं होतं. खळ पातळ होती, एक कोपरा सुटला होता, आणि त्याचा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर होता.

"कशाचं हाय, दाजी?"

"रॉकेलचं," मी म्हणालो. "कोट्याचं."

का म्हणालो ते माहीत नाही. दिवसभर टेबलावर तेच असतं म्हणून आलं असेल तोंडात. दिगंबर हसला. पाकीट माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाला, "रॉकेलचं आमाला इचारा की! त्या साली रेशनच्या दुकानातून दोन डबे उचलले व्हते एका दिसात. दुकानदार म्हनं, सही कोण करतो? म्या म्हनलं, आण इकडं, म्या करतो. सारी वस्ती उजेडात आली दोन डब्यांत." तलाठी हसला. माझे सासरे हसले नाहीत, पण "गप रे, जेवायची येळ झाली," एवढंच म्हणाले. आणि मावशी, मी पण हसलो. जावयानं हसायचं असतं तसं.

मग मी जेवलो. तेहतीस अनारसे तांब्याच्या ताटात, त्यावर दिवा, पुरणाचं जेवण, आणि खिशात कौसाचा पत्ता. सासूबाई वाढत होत्या आणि मी गिळत होतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. दिगंबर म्हणाला, दाजीला चालत कशाला जाऊ देतो, आणि मोटारसायकल काढली. मी नको नको म्हणत मागं बसलो. फाट्यावर तू होतीस. लांबूनच तू मला त्याच्या मागं बसलेलं पाहिलं असशील. तुझ्या मनात काय आलं असेल? विकला गेला, असं आलं असेल ना? तू पदर पुढं ओढलास. दिगंबरनं गाडी थांबवली आणि तुझ्याकडं पाहून म्हणाला, "ए म्हातारे, कुठली गं तू?"

"ताडकळसची, मालक. बाजाराला चुकले," तू म्हणालीस. तुझा आवाज आला तेव्हा मला कळलं की तुझेही दात वाजत होते. गाडी येईपर्यंत तो थांबला. बोलत होता, पीकपाण्याचं, सोयरिकीचं. मी मान हलवत होतो. तू त्या बाभळीला टेकून बसली होतीस आणि तिघांपैकी एकच माणूस मजेत होता.

एसटीत तू पुन्हा मागं बसलीस, मी पुढं. गावात उतरलो, गायरानात तुझ्या झोपडीपर्यंत आलो, तेव्हा मी पाकीट काढलं. तू ते हातात धरून कितीतरी वेळ बसलीस. मग चुलीत घातलंस. "पयल्यांदा आगीनं मपल्या बाजूनं काम केलं," म्हणालीस आणि हसता हसता तुला खोकल्याची उबळ आली. सासरहून मिळालेले अनारसे मी पुढं केले तर तू हात मागं घेतलास. "त्या घरचं नगं, बाबू. तुमी खावा. तुमचं काय, तुमी जावई."

आणि मग तू विचारलंस, "काय काय बोलले?"

मी म्हणालो, "काही नाही. जेवण झालं आणि निघालो."

मावशी, तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. तू माणसांना तीनदा विचारणारी बाई, मला एकदाच विचारलंस. मी केलेल्या कामाचा मान राखलास बहुतेक. मी मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

कौसाचं कार्ड झालं. मूळ कार्ड आगीत जळालं अशा प्रतिज्ञापत्रावर केलं, म्हणजे तलाठ्याला पत्र जायला नको, आणि तो मार्फतचा नियम मी शेवटी वाचून काढला. पत्त्यासाठी तू स्वतःचं नाव दिलंस. मार्फत सोजराबाई, गायरान. मी म्हणालो, उद्या कोणी शोधत आलं तर तुझ्या दारात येईल. तू म्हणालीस, "मपल्याच दारात येऊ द्या. ती ल्हान हाय." त्यानंतर दोन वर्षं तू दाराला आतून उखळ लावून झोपत होतीस, हे मला कौसानं सांगितलं, तू नाही. समन्स तुझ्या झोपडीत आलं. कौसा कोर्टात उभी राहिली. तीच हकिकत, तोच एकसुरी आवाज, एक शब्द इकडचा तिकडं नाही. समोरचा वकील तासभर तिच्या मागं लागला होता, पण ती हलली नाही. मी मागच्या बाकावर होतो, रजा टाकून, रुमालानं निम्मं तोंड झाकून.

तिच्यापलीकडे साक्षीदार नव्हता. गावातल्या कुणी काही पाहिलं नव्हतं. तिघं सुटले.

बाहेर चहाच्या टपरीवर तू उभी होतीस. कौसा जमिनीवर बसली होती, रडत नव्हती, नुसती बसली होती. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "एक माणूस पायजे व्हता, बाबू. त्यांच्यातला एक. न्हाईतर एखादा कागद." मी चहा बशीत ओतत राहिलो. तू म्हणालीस, "जाऊ द्या, तुमी केलं तेवढं लय केलं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. त्या हाताचं ओझं किती होतं ते तुला कसं सांगू?

कारण कागद होता. दंगलीनंतर त्या गावच्या रेशन दुकानाची तपासणी झाली होती आणि रॉकेलचं विक्री रजिस्टर आमच्या कचेरीत जमा होतं. धोंड्याच्या जेवणाहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत दप्तरखान्यात गेलो आणि ते काढलं. बरोबर त्याच तारखेला दोन डबे. पुढं दिगंबरची सही, ठसठशीत, खाली रेघ मारलेली. मी ते पान उघडं धरून उभा होतो. सरकारी वकिलाकडे ते पोचवायला अर्धा तास पुरला असता. पण ते कोणी काढलं, कसं कळलं, हे विचारलं गेलं असतं, आणि मग मला साक्षीला उभं राहावं लागलं असतं, की हो, माझ्या मेव्हण्यानं माझ्यासमोर, माझ्या सासऱ्यांच्या ओसरीवर सांगितलं. आपलेच दात आपलेच ओठ. मंदाचं माहेर तुटलं असतं. आणि खरं सांगू? मंदाचं माहेर हे मी स्वतःला सांगायचं कारण. मला त्या दोन डब्यांची भीती वाटली. माझ्या घराला एकच दार होतं. मी रजिस्टर जिथं होतं तिथं ठेवलं, आणि त्याच्यावर आणखी चार रजिस्टरं ठेवली.

काही वर्षांनी जुनं दप्तर नष्ट करायची यादी निघाली. ती तयार करणारा कारकून मीच. त्या रजिस्टरचा अनुक्रमांक मी माझ्या हातानं लिहिला आणि खाली सही केली. त्या संध्याकाळी तू मला वेशीजवळ भेटलीस आणि विचारलंस, "बरं न्हाई का, बाबू? तोंड उतरलंय." मी म्हणालो, पित्त झालंय. तू ओव्याचं पाणी घ्यायला सांगितलंस. मी घरी जाऊन ते घेतलं सुद्धा.

असं किती वेळा झालं. तू टेबलाशी यायचीस, नवी माणसं आणायचीस, मी कार्डं करायचो. तुझ्यामुळे मी मार्फतचा नियम वापरायला शिकलो, पत्ता दोनदा वाचायला शिकलो, कुणाच्याही नावाचं पत्र कुठं जातं ते आधी विचारायला शिकलो. किती घरांना त्या शहाणपणाचा उपयोग झाला. ते सगळं तू मला दिलंस, आणि त्या बदल्यात मी रोज तुझ्यासमोर बसून गप्प राहिलो. कधी कधी तू बोलता बोलता थांबून माझ्याकडं बघायचीस. तेव्हा वाटायचं, आता विचारते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तू होतीस, नऊवारी नेसलेली, खोकणारी, माझ्यासाठी पदराला भाजलेले हरभरे बांधून आणणारी.

गेल्या महिन्यात विद्यापीठाला नाव लागलं. दवाखान्यात तुला बघायला आलो होतो तेव्हा तू म्हणालीस, "सोळा वर्सं लागली एक पाटी बदलायला. आन् तुमच्या कचेरीला आमी उगाच सुस्त म्हनतो." मी हसलो. तुझा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्या वेळी मी सांगणार होतो. खाटेशेजारी कौसा बसली होती, डबा घेऊन. मी म्हणालो, येतो मावशी. आणि आलो निघून.

तुझ्या मातीला मी आलो होतो, तुला ठाऊक नाही. लांब उभा होतो. भिक्खूंनी वंदना म्हटली, माणसं गायरानभर होती, आणि मला सारखं वाटत होतं की आता कोणीतरी वळून माझ्याकडं बोट करील.

परवा कौसा कचेरीत आली. तू बसायचीस तिथंच बसली, टेबलाच्या पायाशी. आता तीही पस्तिशीची झाली, चष्मा लागलाय. पाटी बदलली तशी पुन्हा दोन-तीन गावांत घरं जळाली आहेत, तिथली दोन कुटुंबं गायरानात तुझ्या झोपडीत उतरली आहेत. तिनं फॉर्म मागितले. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "भाऊसाहेब, एक इचारायचं व्हतं. आता जळाल्यात त्यातल्या एका गावातला कुणब्याचा माणूस हाय, त्यानं समदं पायलंय. बोलावं वाटायलंय त्याला, पर भेतोय. घरच्यायला, भावकीला. मावशी असती तर तिनं सांगितलं असतं. अशा माणसाला काय सांगावं?"

मी तिला म्हणालो, "कौसा, आधी माझं ऐक."

आणि सगळं सांगितलं. ओसरी, पाकीट, दोन डबे, माझं हसणं, रजिस्टर, यादीवरची सही. मधे एकदा शिपाई डोकावला, मी थांबलो, तो गेल्यावर पुन्हा तिथून सुरू केलं. कौसा माझ्याकडं बघत नव्हती. फॉर्मच्या कडा सारख्या करत होती. माझं संपल्यावर ती उठली, फॉर्म तिथंच ठेवले आणि निघून गेली. घरी जाऊन मी मंदाला सांगितलं. तिनं काल दिवसभर चूल पेटवली नाही. दिगंबरचा धाकटा भाऊ आमच्या गल्लीच्या तोंडाशीच राहतो, आणि कालपासून मी मागल्या वाटेनं जातो-येतो. भीती जराही कमी झालेली नाही, मावशी. बोललं की हलकं वाटतं म्हणतात, ते कोणी म्हटलं कोण जाणे.

आज सकाळी कौसा परत आली. सोबत एक माणूस होता. चाळिशीचा, पांढरी टोपी, धोतराला चिखल. दारातच उभा राहिला, सारखा मागं वळून बघत होता. मला तो उभा राहायचा प्रकार ओळखीचा वाटला. कौसानं त्याला आत घेतलं, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं, आणि माझ्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"ह्यान्ला सांगा," ती म्हणाली. "गप बसल्यावर मानसाचं काय व्हतं ते. तुमच्याएवढं कुणाला ठावं हाय?"

मावशी, मी उठलो, दार लोटून घेतलं, आणि सांगायला लागलो.